उपासाला चालणारी बियर

"घोट घेतल्याशिवाय कडू कळत नाही," मार्लेनबाई म्हणाल्या आणि माझ्यासमोरचा पेला त्यांनी बोटभर पुढे सरकवला. "वाइनवाले तोंडात खुळखुळवून थुंकून टाकतात. ते त्यांचं त्यांच्यापाशी. बियरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी बसलेला असतो, गिळल्याखेरीज तो उठून बोलत नाही. केतकी, गेले दोन वर्ग तू नुसती हुंगते आहेस."

वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पेल्याकडे. रुंद तोंडाचा, जाड देठाचा पेला, त्यात दुबेल नावाची काळपट तांबडी बियर आणि वर दोन बोटं साईसारखा फेस. महिन्याभरापूर्वी बाईंना आग्रह करावा लागला नसता; उलट, हळू घे, हे सरबत नाही, असं सांगावं लागलं असतं. पण मधल्या काळात मला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी थेंबभरसुद्धा नको म्हणून बजावलं होतं. आणि तिसरा महिना पुरा झाल्याशिवाय ही गोष्ट कुणाच्या कानावर घालायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणजे प्यायचीही सोय नव्हती आणि का पीत नाही ते सांगायचीही नव्हती. परीक्षा तर तोंडावर आलेली.

परीक्षा बियरचीच. लोक हसतात म्हणून आधीच सांगते, बेल्जियममध्ये बियरच्या पारख्यांसाठी रीतसर अभ्यासक्रम असतो. वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग, आणि शेवटी तोंडी परीक्षा. तोंडी म्हणजे अक्षरशः.

लूव्हनला आम्ही आलो ते हृषीच्या नोकरीमुळे. तो कॉम्प्युटरच्या चिपा करणाऱ्यांत. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवी उशाला घेऊन घरात. पहिलं अख्खं वर्ष त्या गावात मला 'हृषिकेशची बायको' याखेरीज नाव नव्हतं. आमच्या घराखाली मार्लेनबाईंचं कॅफे होतं. एका दुपारी कंटाळून कॉफी प्यायला खाली उतरले, तर बाई एका गिऱ्हाइकासाठी बाटली ओतत होत्या. पेला आधी गार पाण्यातून काढला, तिरका धरला, धार काचेवरून सोडली, हळूहळू पेला सरळ केला, आणि शेवटची बोटभर बियर बाटलीतच ठेवली. मला राहवलं नाही. आमच्याकडे पानात काही टाकत नाहीत. बाटलीत का टाकता, असं विचारलं. बाई म्हणाल्या, तळाशी यीस्ट आहे, जिवंत. मी म्हटलं, यीस्टशी माझी जुनी ओळख, फक्त तुमच्या या थंडीत आंबोळीचं पीठ काही केल्या वर येत नाही. आंबोळी म्हणजे काय हे त्यांना समजावून देण्यात तासभर गेला. जाताना त्यांनी तळातला तो गाळ मला वाटीत घालून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पीठ पातेल्याचं झाकण उचलून बाहेर बघत होतं.

तिथून मी त्यांची झाले. त्यांनी मला पेले पुसायला शिकवले, मग ओतायला, मग चाखायला. ट्रॅपिस्ट बियर म्हणजे काय हेही त्यांच्याकडूनच कळलं. मठाच्या भिंतींच्या आत, साधूंच्या देखरेखीखाली होते ती ट्रॅपिस्ट. आणि आलेला पैसा मठ चालवायला आणि दानधर्माला. बाटलीवर मठाचं नाव आणि चित्र आहे, पण केली आहे बाहेरच्या कारखान्यात, ती नुसती मठाची बियर. हृषीला हे एका फटक्यात समजलं. तो म्हणाला, म्हणजे देवगडचा हापूस आणि देवगडच्या पेटीतला हापूस. मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं, पण त्यांनी वर एक जोडलं: पेटीतला आंबाही कधीकधी फार गोड निघतो, आणि नाक मुरडण्याआधी खाऊन बघावा.

कराडला आईला दर रविवारी फोन असायचा. तिला मी सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं. तिनं मात्र शेजारीपाजारी सांगताना थोडी काटछाट केली. 'केतकी यीस्टवर कोर्स करतेय' असं ती सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं.

बाई उन्हाळ्यात पर्यटकांना गावभर फिरवून बियर समजावून सांगायच्या. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी ते काम मला द्यायचं ठरवलं. अट एकच, हातात प्रमाणपत्र हवं, कारण गावाच्या गाइडांच्या यादीत नाव त्याशिवाय लागत नाही. परीक्षा वर्षातून एकदा. पास झाले तर मे महिन्यापासून लूव्हनच्या रस्त्यात वीस माणसं माझ्यामागून चालणार होती आणि मी काय सांगते ते ऐकणार होती. कुणाची बायको म्हणून नव्हे. हे मला किती हवं होतं ते मी हृषीलाही धड सांगितलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी पेला समोर, बाई डोक्यावर. हृषी मला न्यायला आला होता, कारण आदल्या दिवशी जिन्यात मला घेरी आली होती. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचं डच म्हणजे 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको'. पण बाईंचा सूर त्याला कळला आणि त्यानं घाबरून इंग्रजीत ठोकून दिलं की तिचा उपास आहे.

बाई वळल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. किती दिवसांचा, असं विचारलं. हृषी पापणी न लववता म्हणाला, दीड महिना.

मला वाटलं, सुटले. पण मार्च महिना होता आणि ख्रिश्चनांचाही ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नाही. बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी वर्गाकडे तोंड केलं आणि पुढचा पाऊण तास याच विषयावर घेतला. जुन्या काळी मठांमधून या दिवसांत साधू जेवत नसत, म्हणून दाट, ताकदीची बियर करत. पातळ पदार्थानं उपास मोडत नाही, असं लॅटिनमध्ये वचनच होतं म्हणे. "तेव्हा केतकी," बाई म्हणाल्या, "ही तुझ्यासमोर आहे ना, ती उपासाचीच आहे."

सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. मी हृषीकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

पुढचा आठवडा या उपासानं मला छळलं. बाई कॅफेत गाठून विचारायच्या, तुमच्या उपासाला नक्की काय चालतं? मी खोटं कशाला बोलू, खरं ते सांगितलं. दूध चालतं, फळं चालतात, शेंगदाणे चालतात, साबुदाणा चालतो. साबुदाणा त्यांना कळला नाही. बटाटा चालतो म्हटल्यावर त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. तळलेला? तळलेलाही चालतो. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला उपास म्हणत नाहीत, बाळ. याला बेल्जियम म्हणतात."

हृषीनं घरी बसून त्यावर तोड काढली. धान्य चालत नाही हे सांग, तो म्हणाला; बियर म्हणजे जव, आणि जव म्हणजे धान्य, मुळातच बाद. मी तसं सांगितलं. बाईंनी एक रात्र विचार केला आणि सकाळी जिन्यातच अडवलं. बियरसाठी जवाला आधी मोड आणतात. मोड आले की ते धान्य कुठं राहिलं? ते तर रोप झालं, म्हणजे भाजी. भाजी चालते का? मी म्हटलं, सगळ्याच भाज्या नाही चालत. कुठल्या चालतात, याची त्या कागदावर नोंद करायला निघाल्या तेव्हा मी उलटी होतेय म्हणून पळाले. तेवढं मात्र खरं होतं.

कारण माझ्या नाकाचं काहीतरी झालं होतं. घरात मोहरीची फोडणी पडली की मी गॅलरीत. हृषीचा साबण, लिफ्टमधल्या काकूंचं अत्तर, ओला रुमाल, सगळं अंगावर यायचं. पण बियरचं उलटंच. बंद खोलीत कुणी बाटली उघडली तरी मला बाहेर कळायचं की यात धणे आहेत. पूर्वी पुस्तकात वाचून, डोळे मिटून शोधावे लागणारे वास आता आपण होऊन पुढे येऊन नाव सांगायचे. दुबेलमध्ये काकवी आणि बी काढलेला खजूर. फिकट पिवळ्या, कडक त्रिपेलमध्ये पिकून सालीवर ठिपके पडलेलं केळं, त्याच्यामागे लवंग. ओर्व्हाल या ट्रॅपिस्ट बियरमध्ये वाळकं गवत आणि घोड्याच्या जिनाचं चामडं, आणि ती बाटली जुनी की नवी तेसुद्धा. आयुष्यात नाक इतकं कधी चाललं नव्हतं आणि नेमकी तेव्हाच जिभेला कुलूप.

परीक्षेचे तीन भाग होते. ओतणं, हुंगणं आणि चाखणं. पहिल्या दोन्हींची मला धास्ती नव्हती. तिसऱ्यासाठी हृषीचा सल्ला असा, की ओठ फेसाला लाव, डोळे मीट आणि आव आण. घरी आम्ही कोकम सरबतावर तालीम केली. मला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. मग वर्गातल्या एकीनं सहज सांगितलं की परीक्षकांमधले देस्मेत म्हणून जे आहेत, निवृत्त ब्रूअर, जन्मभर बियर केलेले, ते पेल्याकडे बघतच नाहीत. ते घशाकडे बघतात.

परीक्षा शनिवारी सकाळी होती, कारण सकाळी जीभ कोरी असते. कॅफेच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल, पांढरं कापड, उंच खिडक्या. हृषी खाली थांबला. टेबलापलीकडे तिघं. मध्ये मार्लेनबाई, ठेवणीतली मोत्यांची माळ घालून. त्यांच्या उजवीकडे देस्मेत, मिशा कात्रीनं रेषेत कापलेल्या, समोर नियमांचं पुस्तक. आणि डावीकडे एक खरेखुरे साधू, पांढरा झगा, वर काळी पट्टी, कमरेला चामड्याचा पट्टा. फ्रान्सच्या सीमेकडच्या एका मठातून आले होते. ब्रदर योरिस. बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. का, ते मला कळायला थोडा वेळ होता.

ओतणं झालं. तिघांना तीन वेगवेगळ्या बाटल्या, तीन वेगवेगळे पेले. यजमानानं पाहुण्यांचं करावं तसं करायचं, बरोबर चीजचं ताट. फेस दोन बोटं, तळ बाटलीत. ब्रदर योरिसना विचारलं, यीस्ट वेगळ्या पेल्यात देऊ का? ते हसले आणि मानेनं हो म्हणाले. देस्मेतनी काहीतरी लिहिलं.

हुंगणं झालं. सहा झाकलेले पेले. मी एकेक झाकण काढत गेले आणि बोलत गेले. डचमध्ये जिथं शब्द सापडला नाही तिथं मराठी टाकला आणि मग समजावलं. कुठली मठाच्या आतली, कुठली बाहेरची, कुठलीत साखर काळी आणि कुठलीत गोरी. पाचव्या पेल्यापाशी मी म्हटलं की ही बाटली वर्षभर कुठंतरी अंधारात झोपलेली होती. देस्मेतनी पेन थांबवलं, बाटलीची तारीख बघितली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. मार्लेनबाई माळेशी खेळत होत्या; त्यांना हसू लपवता येत नाही.

मग तिसरा भाग. एकच पेला, ओर्व्हाल. गिळायचं आणि कडूपणाबद्दल बोलायचं. तो कधी येतो, कुठं बसतो, किती वेळ राहतो. मी पेला उचलला. देस्मेतनी मान थोडी पुढे काढली, थेट माझ्या गळ्याशी.

तेवढ्यात ब्रदर योरिस बोलले. आवाज अगदी बारीक होता, फारसा न वापरलेल्या वस्तूचा असतो तसा. त्यांनी सांगितलं की माझ्या उपासाबद्दल त्यांना कळलं आहे. बाईंनी त्यांना सगळं लिहिलं होतं, बटाट्यासकट. त्यांना असं वाटत होतं की आपल्या परीक्षेपायी कुणाचं व्रत मोडू नये, आणि व्रतापायी कुणाची परीक्षा बुडू नये. म्हणून त्यांनी मठात बसून या प्रश्नाचा नीट विचार केला होता.

"आमच्या नियमात एक वाट आहे," ते म्हणाले. "दारी पाहुणा आला तर त्याच्यासाठी यजमानानं आपला उपास मोडावा. पाहुण्याचा मान उपासाहून मोठा. आज तू ओतलंस, म्हणजे तू यजमान आणि मी पाहुणा. माझाही उपास आहे, या दिवसांत आम्ही चीज खात नाही. पण तू वाढलेलं मी नाकारणार नाही." त्यांनी ताटातला चीजचा एक चौकोनी तुकडा उचलला. "तू एक घोट घे. मी एवढं खातो. दोघांचं पाप सारखं."

मार्लेनबाईंचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी त्यांनी केवढी खटपट केली होती, ते मला तेव्हा कळलं. म्हातारा साधू हातात चीज धरून माझी वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकी खरी, निर्मळ माया होती की माझं कोकम सरबताचं सगळं नाटक गळून पडलं. माणूस एक खोटं निभावून नेतं. पण त्या खोट्यासाठी कुणी आपला खरा उपास मोडायला निघालं तर काय करायचं, हे हृषीनं मला शिकवलं नव्हतं.

पेला मी खाली ठेवला. डचच्या वर्गात दवाखान्याचा एक धडा होता, त्यात तो शब्द होता. एकच शब्द. मी तो तोवर कुठल्याच भाषेत मोठ्यानं उच्चारलेला नव्हता.

"मला उपास नाही," मी म्हणाले. "मला दिवस गेलेत."

देस्मेतची मान अजून पुढेच होती. त्यांनी ती सावकाश मागे घेतली. चीज हवेत.

सगळ्यांत आधी बाई भानावर आल्या. मला का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि त्या दुखावल्या होत्या हे दिसत होतं. मी म्हटलं, तिसरा महिना संपेपर्यंत आम्ही कुणाला सांगत नाही. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं, पण तोंड एकदा उघडलं होतं. मोडक्यातोडक्या डचमध्ये मी सांगत गेले. की हे दुसऱ्यांदा आहे. मागच्या वेळी कळलं त्याच दिवशी मी आनंदानं घरी फोन केला होता. आईनं अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. पेढे म्हणजे काय तेही सांगितलं. आणि मग तीन आठवड्यांनी ते सगळं संपलं, तेव्हा माझी आई त्याच घरांची पायरी पुन्हा चढली होती, रिकाम्या हातानं, एकेकीला सांगायला. कुणी मला फोनवर 'कशी आहे तब्येत, काय खावंसं वाटतं' असं विचारू नये म्हणून.

"म्हणून यावेळी मी आनंदसुद्धा केलेला नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते आधी डचमध्येच आलं, आणि मग मलाच कळलं की हे असं आहे.

ब्रदर योरिसनी हातातला तुकडा परत ताटात ठेवला, अगदी जिथून उचलला होता तिथंच. "मग माझं निमित्त गेलं," ते म्हणाले. ताटाकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात किंचित हळहळ होती असं मला आजही वाटतं. "बाकी राहिलेल्या दिवसांची तू काळजी करू नकोस. न बोलायची आम्हाला मठात सवयच असते."

बाईंनी छातीवर हात ठेवून मान हलवली. आम्ही तिघंही देस्मेतकडे बघायला लागलो.

"मला घरी कुणी काही विचारतच नाही," देस्मेत म्हणाले.

मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. हुंगण्याला पूर्ण गुण, असा हुंगणारा विद्यार्थी आपण पाहिला नाही, आणि त्याचं कारण आता समजलं, असं ते म्हणाले. ओतण्याला पूर्णाला एक कमी. का, ते सांगितलं नाही. पण चाखल्याशिवाय पास करता येत नाही. अपूर्ण असा शेरा पुस्तकात नव्हता. बाई त्यांच्याशी भांडल्या, आणि भांडताना त्यांचं डच मला अजिबात कळेनासं झालं. देस्मेत ढळले नाहीत. मीच मध्ये पडून म्हटलं की ते बरोबर आहेत. कडू कळल्याशिवाय कडूबद्दल काय बोलायचं? त्यांनी माझ्या नावापुढे एक शब्द लिहिला आणि शाई सुकेपर्यंत पुस्तक उघडं ठेवलं.

नंतर ते उठले. माझा ओर्व्हालचा पेला त्यांनी उचलला, खिडकीपाशीच्या बेसिनवर नेऊन धुतला, गार पाण्यातून काढला. पाण्याची बाटली घेतली. पेला तिरका धरला, धार काचेवरून सोडली, हळूहळू सरळ केला आणि सवयीनं शेवटचं बोटभर पाणी बाटलीतच ठेवलं. पेला माझ्यासमोर आणून ठेवला. चौघांनी पेले टेकवले. माझ्या घशाकडे त्या वेळी कुणी बघत नव्हतं, आणि मी ते पाणी एका दमात प्यायले.

खाली हृषी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. पास का, असं त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं. मी म्हटलं, नापास, आणि सांगूनही टाकलं. मग त्यानं विचारलं की आता किती जणांना माहीत आहे.

"तिघांना," मी म्हटलं. "त्यातला एक बोलत नाही. दुसऱ्याला कुणी विचारत नाही."

"आणि तिसऱ्या मार्लेनबाई."

"हो."

तो हसायला लागला. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. खरं तर पुढच्या वर्षी पोरीला त्याच्या मांडीवर ठेवून मी त्याच खोलीत गेले, एकच घोट घेतला, कडूपणाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं आणि देस्मेतनी सही केली. आता उन्हाळ्यात माझ्यामागून माणसं चालतात, आणि पोरगी पहिलीत आहे. बटाट्याच्या तळलेल्या फोडींना ती 'उपासाचे' म्हणते आणि तिच्या वर्गातही बरेचजण तसंच म्हणायला लागलेत. पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. नापास झालेली मी, पुढे आलेला उन्हाळा हातचा गेलेला, आणि महिना अजून पुरा व्हायचा होता. काहीही होऊ शकत होतं. तरी पायरीवर बसल्याबसल्या पोटाशी काहीतरी हलकं हलकं होत होतं, आणि ते मळमळणं नव्हतं.

तीन महिने सांगायचं नाही ही आमच्याकडची रीत, असं मी सगळ्यांना सांगत होते खरी. पण आमच्या घरात ती आधी नव्हती. त्या पेढ्यांनंतर आईनंच घातली. मागच्या वेळी सगळी घरं फिरून झाल्यावर तिनं मला फोन केला होता. पुढच्या वेळी तीन महिने होईतो कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, असं ती म्हणाली होती. आणि वर म्हणाली होती, "मलासुद्धा नाही."

मी फोन काढला. हृषीनं माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. कराडला तेव्हा दुपारच्या चहाची वेळ असणार. दुसऱ्याच रिंगला आईनं उचलला. रविवार नव्हता, म्हणून तिचा आवाज आधीच जरा सावध होता.

"आई," मी म्हटलं, "मी परीक्षेत नापास झाले."

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. ती ऐकत होती.

"मग एवढी हसतेयस कशाला गं?" आईनं विचारलं.

मी हसतेय हे मला तेव्हा कळलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. "आधी मला बसू दे."